कोल्हापुरातून ग्रहीय तेजोमेघांचे फोटो: कधी, कशाने, किती सेकंद?

आठवी_गल्ली
साहित्य असं: ८ इंची एफ/५ न्यूटोनियन, म्हणजे आरशाची दुर्बीण (फोकल लेंथ १००० मिमी), एचईक्यू-५ माउंट, झेडडब्ल्यूओ एएसआय ५३३ एमसी प्रो हा रंगीत कॅमेरा, ५० मिमीचा गाइडस्कोप. जागा राजारामपुरी, घराची गच्ची, रस्त्यावर पांढरे एलईडी. ओरायन आणि रोझेट बरे येतात, पण ग्रहीय तेजोमेघ, म्हणजे मरणाऱ्या ताऱ्यांनी बाहेर टाकलेली वायूची कवचं (एम ५७, एम २७, हेलिक्स), नेमके कुठल्या महिन्यात धरायचे, ड्युअल-बँड फिल्टर (हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेषांपुरताच प्रकाश सोडणारा) लावायचा की नाही आणि एक्स्पोजर किती द्यायचं, याबाबत प्रत्येक व्हिडिओ वेगळं सांगतो. ते व्हिडिओ बहुतेक युरोप-अमेरिकेतले. आपल्या अक्षांशाला आणि आपल्या हवेला धरून कुणी सांगेल का?

कोनमापक
आधी वेळापत्रक, कारण इथेच निम्मी लढाई हरते. कोल्हापूरचा अक्षांश १६.७° उत्तर. कुठलीही वस्तू याम्योत्तरावर (आकाशातल्या उत्तर-दक्षिण मध्यरेषेवर) असताना किती उंच असेल ते काढायचं तर ९० मधून अक्षांश आणि क्रांती (वस्तूचं खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंशांतलं अंतर) यांतला फरक वजा करा. एम २७ ची क्रांती +२२.७°, म्हणजे उंची ८४°. एम ५७ ची +३३°, उंची साधारण ७४°. हेलिक्स (एनजीसी ७२९३) −२०.८°, उंची ५२°. एनजीसी २३९२ तर ८६° वर, अक्षरशः डोक्यावर.

अडचण अशी की एम ५७ आणि एम २७ रात्री नऊ-दहाला माथ्यावर येतात ते ऑगस्टात, आणि तेव्हा आपल्याकडे आकाश नावाची गोष्ट नसते. म्हणून दोनच खिडक्या उरतात. पहिली एप्रिल-मे, पहाटे तीन ते साडेचार. दुसरी ऑक्टोबर-नोव्हेंबर, अंधार पडल्याबरोबर. १५ ऑक्टोबरला संध्याकाळी साडेसातला एम ५७ पश्चिमेकडे ६०° च्या आसपास असतो आणि दहाला ३२° वर उतरतो. एम २७ ला अकरापर्यंत सवड मिळते. त्याच रात्री आठला शनि-तेजोमेघ (एनजीसी ७००९) बरोबर याम्योत्तरावर आणि साडेनऊच्या सुमारास हेलिक्स.

शहरात राहणाऱ्यांसाठी ऑक्टोबरचा एक फायदा कुणी बोलत नाही. तेव्हा हे तेजोमेघ पश्चिमेला झुकतात आणि आपली पश्चिम अंधारी आहे, गगनबावडा-राधानगरीकडची. शिरोलीचा उजेड पूर्वेला, गोकुळ शिरगाव-कागलचा दक्षिण-आग्नेयेला.

बाकीचं थोडक्यात. जानेवारी-फेब्रुवारीत एनजीसी २३९२. मार्चमध्ये रात्री साडेअकराला एनजीसी ३२४२, उंची ५५°. मेमध्ये मध्यरात्रीनंतर वृश्चिकातला एनजीसी ६३०२.

गच्चीवरचा_गडी
कोनमापक सर, ऑक्टोबर म्हणता खरं, पण त्यातली अमावास्या म्हणजे लक्ष्मीपूजन! वर्षातली सगळ्यात काळी रात्र आणि सगळ्यात जास्त धूर. त्या आठवड्यात दुर्बीण बाहेर काढायचीच नाही, आरशावर दारूची राख बसते. परतीचा पाऊस संपल्यावरचे पहिले आठ-दहा दिवस पकडा, हवा धुतलेली असते. पुढं कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला, फडात पाचट पेटायला लागलं, की पारदर्शकता खालीच येत जाते. पेठांतले शार्पी दिवे, म्हणजे आकाशात सोडलेले प्रखर झोत, वेगळेच.

आठवी_गल्ली
म्हणजे दिवाळीच्या आधीची किंवा नंतरची, चंद्र उशिरा उगवणारी वा लवकर मावळणारी रात्र शोधायची?

ओथ्री_प्रेमी
ग्रहीय तेजोमेघासाठी अमावास्येचा इतका हट्ट नकोच. हा विषय ओरायन-रोझेटपेक्षा उलटा आहे. तिथे वस्तू मोठी आणि फिकी, इथे छोटी आणि झगझगीत. एम ५७ चं कडं साधारण ८६ × ६२ आर्कसेकंद. तुमच्या १००० मिमी आणि ३.७६ मायक्रॉन पिक्सेलला एका पिक्सेलमागे ०.७८ आर्कसेकंद येतात, म्हणजे कडं जेमतेम ११० पिक्सेल रुंद. हेलिक्स वगळला तर प्रकाश कमी पडणं ही तक्रारच नाही. कमी पडतो तो तपशील. तो ठरतो फोकस, कॉलिमेशन (आरसे एका रेषेत जुळवणं), हवेचं स्थैर्य आणि गाइडिंग (एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटची चाल सुधारत राहणं) यांवर. उजेडाचं प्रदूषण यादीत त्यानंतर येतं. म्हणून राजारामपुरीतूनही एम ५७ उत्तम मिळू शकतो.

दुसरं, या वस्तूंचा बहुतेक दृश्य प्रकाश दुप्पट आयनीभूत ऑक्सिजनच्या दोन रेषांत असतो, ४९५.९ आणि ५००.७ नॅनोमीटर. विल्यम हगिन्स यांनी १८६४ मध्ये कालेय तारकासमूहातल्या एनजीसी ६५४३ चा वर्णपट पाहिला तेव्हा याच रेषा दिसल्या, आणि १९२७ मध्ये बोवेन यांनी उलगडा करेपर्यंत लोक ‘नेब्युलियम’ नावाचं मूलद्रव्य मानून बसले होते. आपल्या कॅमेऱ्यात ५००.७ ही रेषा हिरव्या आणि निळ्या दोन्ही पिक्सेलना लागते, म्हणजे चारांतल्या तीन पिक्सेलना. हायड्रोजन-अल्फा (६५६.३) मात्र चारांतल्या एकालाच. त्यामुळे रंगीत कॅमेरा इथे मोनोच्या बराच जवळ जातो.

आता सेकंद. नियम एकच: एका फ्रेममध्ये आकाशाच्या पार्श्वभूमीचे इलेक्ट्रॉन रीड नॉइजच्या (सेन्सर वाचताना मिसळणाऱ्या गोंगाटाच्या) वर्गाच्या दहापट झाले की त्याहून लांब एक्स्पोजर देऊन फारसं काही मिळत नाही. ५३३ ला गेन १०० वर रीड नॉइज साधारण १.५ इलेक्ट्रॉन. वर्ग २.२५, दहापट म्हणजे २२. हा कॅमेरा १४ बिटी, फाइल १६ बिटी, म्हणून फाइलमध्ये एक इलेक्ट्रॉन चार अंकांएवढा दिसतो. एक चाचणी फ्रेम घ्या, मधला आकडा (मीडियन) बघा, त्यातून बायसचा (झाकण लावून, कमीत कमी वेळाच्या फ्रेमचा) मीडियन वजा करा. उत्तर ९० च्या वर असेल तर एक्स्पोजर पुरे.

शहरात फिल्टरशिवाय हे पाच-दहा सेकंदांतच होतं. म्हणून एम ५७ ला विनाफिल्टर १० ते २० सेकंद. ७ नॅनोमीटरचा ड्युअल-बँड लावल्यावर शहरात ६० ते १२० सेकंद. ३०० सेकंद देणारे व्हिडिओ अंधाऱ्या जागेचे असतात. दाजीपूरला गेलात तर तिथे फिल्टरसकट ३०० द्यायला हरकत नाही. राजारामपुरीत ३०० दिले तर एक वाऱ्याची झुळूक अख्खी पाच मिनिटं खाऊन जाते, बाकी फायदा काही नाही.

पंचगंगेकाठी
फिल्टर लावायचा की नाही यावर ओथ्री_प्रेमींशी थोडं असहमत. एम ५७ च्या कड्यासाठी फिल्टर नको, मान्य. पण एम ५७ भोवती फिकं बाह्य प्रभामंडळ आहे, जवळपास चार आर्कमिनिट व्यासाचं. एम २७ चं तर मुख्य आठ आर्कमिनिटांच्या भागाबाहेर बरंच पसरलेलं आहे. ते शहरातून विनाफिल्टर कधीच येणार नाही, कितीही तास द्या. हेलिक्सचंही तेच: त्याची एकूण प्रत ७.६ छापतात, पण तो प्रकाश चंद्रबिंबाच्या निम्म्याहून जास्त रुंदीवर पसरलेला आहे, त्यामुळे पृष्ठतेज फार कमी. हेलिक्सला फिल्टर हवाच, आणि चार-पाच तासांची बेरीज हवी.

ड्युअल-बँड घेताना लोक एक गोष्ट विसरतात. ग्रहीय तेजोमेघांच्या बाहेरच्या लाल कडेत नायट्रोजनची ६५८.३ ही रेषा बरेचदा हायड्रोजनपेक्षा ठळक असते. ७ नॅनोमीटरचा फिल्टर दोन्ही आत घेतो. ३ नॅनोमीटरचा महागडा फिल्टर ६५६.३ च्या दोन्ही बाजूंना दीडच नॅनोमीटर सोडतो, म्हणजे नायट्रोजन जवळजवळ कापला जातो. जास्त पैसे देऊन एम ५७ चं लाल कडं पुसून घेण्यात अर्थ नाही. या एका विषयासाठी ७ वालाच चांगला.

ओथ्री_प्रेमी
नायट्रोजनचा मुद्दा शंभर टक्के मान्य. प्रभामंडळाचंही. मग असं करा: कड्यासाठी विनाफिल्टर १० सेकंदांच्या चार-पाचशे फ्रेम, बाहेरच्या भागासाठी फिल्टरसह १२० सेकंदांच्या शंभरेक, नंतर दोन्ही जोडा. ताऱ्यांचे खरे रंगही विनाफिल्टरमधूनच घ्या, कारण ड्युअल-बँडमध्ये नारिंगी-पिवळे तारे सगळे एकाच छापाचे दिसतात.

केटल_लेन्सवाली
माझ्याकडे डीएसएलआर आहे, मॉडिफाय न केलेला. सगळे म्हणतात तेजोमेघाला चालणार नाही. खरंच नाही चालणार का?

ओथ्री_प्रेमी
ताई, ग्रहीय तेजोमेघाला चालतो. डीएसएलआरमधला कारखान्याचा फिल्टर लाल हायड्रोजन-अल्फाचा मोठा भाग अडवतो, म्हणून रोझेट फिकट येतो. पण ऑक्सिजनची ५००.७ रेषा तो जवळजवळ पूर्ण सोडतो. एम २७ चा निळा-हिरवा गाभा व्यवस्थित येईल, लाल कडा कमी येतील एवढंच. आयएसओ ८०० किंवा १६००, ३० सेकंद, रॉ. उन्हाळ्यात सेन्सर तापतो, म्हणून दोन फ्रेममध्ये दहा-पंधरा सेकंदांची उसंत ठेवा आणि डार्क फ्रेम (झाकण लावून, तेवढ्याच सेकंदांच्या) त्याच रात्री, त्याच तापमानाला घ्या. घरात पंख्याखाली दुसऱ्या दिवशी घेतलेले डार्क जुळत नाहीत.

आठवी_गल्ली
५३३ चं कूलिंग एप्रिलमध्ये किती ठेवू? −१० लावलं की पॉवर १०० टक्क्यांवर जाते.

ओथ्री_प्रेमी
कूलर बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ३५ अंश खाली जाऊ शकतो. रात्री २६ असेल तर −९ ही शेवटची हद्द. पूर्ण ताकदीवर चालला की तापमान स्थिर राहत नाही आणि डार्क जुळत नाहीत. उन्हाळ्यात ० ठेवा, हिवाळ्यात −१०. दोन्हीचे डार्क एकदाच करून साठवा. या सेन्सरला ॲम्प-ग्लो (कडेला येणारी नकली चमक) नाही, त्यामुळे शून्यावर काही बिघडत नाही.

उद्यमनगरकर
माउंटबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. आपल्याकडे ध्रुवतारा फक्त १७° वर. परदेशी माउंट ४०-५० अंशांचा विचार करून बनवलेले. त्यातनं तीन भानगडी होतात.

एक, ध्रुव-अक्ष जवळजवळ आडवा होतो आणि काउंटरवेटचा दांडा उत्तरेच्या पायासमोर सरळ खाली लोंबतो. वजनं दांड्याच्या टोकाला असतील तर पायावर आपटतात, आणि मोटर तशीच ढकलत राहते. उपाय म्हणजे वजन जड करा आणि डोक्याजवळ ठेवा. उद्यमनगरात लेथवर कुणीही करून देतं: १५० मिमी व्यासाचा माइल्ड स्टीलचा गोल बार, ७३ मिमी जाड, मधून दांड्याच्या मापाचं भोक. बरोबर १० किलो भरतं. दांडा १८ चा आहे की २० चा हे व्हर्नियरनं मोजून मगच सांगा, आणि भोक ०.२ मिमी सैल ठेवा. बाजूनं एम-८ चा आटा आणि स्क्रूच्या टोकाला पितळेची गुटखी, नाहीतर दांड्यावर चरे पडतात. पाय उत्तरेला येऊ नये म्हणून ट्रायपॉड फिरवला तर बोजा दोन पायांच्या मध्ये येतो, तेव्हा पाय पूर्ण फाकवा आणि मधली प्लेट घट्ट आवळा.

दोन, कमी अक्षांशाला डोकं पुढं झुकतं आणि सगळा भार उंचीच्या एका बोल्टवर येतो. तो बोल्ट फिरवण्याआधी समोरचा सैल करा, आणि भार हातानं उचलून धरा. भाराखाली जोर लावलात तर बोल्ट केळ्यासारखा वाकतो. जुन्या एचईक्यू-५ चे बोल्ट तर याच कारणानं बदनाम.

तीन, ध्रुवतारा खाली, धुरात, आणि उत्तरेला इमारत असली तर दिसतच नाही. त्याच्या मागं लागू नका. ‘निना’ या सॉफ्टवेअरमधलं तीन-बिंदूंचं पोलर अलाइनमेंट (माउंटचा अक्ष ध्रुवाकडं रोखणं) आकाशाच्या कुठल्याही भागावरून होतं. १७° उंचीवर वातावरणामुळं ध्रुव खऱ्या जागेपेक्षा साधारण तीन आर्कमिनिट वर दिसतो. त्यामुळं पोलरस्कोपनं कितीही बारीक केलं तरी ती चूक राहतेच. दोन मिनिटांच्या गाइडेड फ्रेमला ती बाधत नाही.

कोनमापक
उद्यमनगरकर दादांनी लिहिलं त्यात मेरिडियन फ्लिपची (याम्योत्तर ओलांडताना दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला वळवण्याची) भर. एम २७ आणि एनजीसी २३९२ माथ्याजवळून जातात, तेव्हा न्यूटोनियनची मागची बाजू किंवा रिफ्रॅक्टरवरचा कॅमेरा ट्रायपॉडच्या पायाला टेकतो. फ्लिप याम्योत्तरानंतर दहा-पंधरा मिनिटांनी लावायची सवय असेल तर ती शून्यावर आणा. दिवसा उजेडात, मोटर बंद ठेवून, क्लच सैल करून दुर्बीण हाताने त्या जागेवर नेऊन बघा आणि कुठे अडते तिथे खूण करा.

खिशातली_दुर्बीण
स्मार्ट दुर्बिणीवाल्यांनी काय करावं? ५० मिमी, २५० मिमी फोकल लेंथ, ऑल्ट-अझ (फक्त वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारी).

कोनमापक
भावा, २.९ मायक्रॉनला एका पिक्सेलमागे २.४ आर्कसेकंद येतात. एम ५७ छत्तीस पिक्सेलांचा छल्ला. कडं आहे हे कळेल, पण आतला तपशील मागू नका. त्याऐवजी हेलिक्स आणि एम २७ घ्या, तिथे ही दुर्बीण आनंद देते. आतला ड्युअल-बँड फिल्टर चालू ठेवा.

पण एम २७ माथ्यावर असताना नको. ऑल्ट-अझमध्ये चित्र फिरतं, आणि ८४° उंचीवर ते मिनिटाला दोन अंशांहून जास्त वेगाने फिरतं. दहा सेकंदांत कोपऱ्यातल्या ताऱ्यांच्या रेघा होतात आणि सॉफ्टवेअर फ्रेम फेकून देतं. तेजोमेघ पूर्वेला किंवा पश्चिमेला ४५ ते ६५ अंशांवर असताना फिरणं अगदी कमी. ऑक्टोबरमध्ये रात्री साडेनऊच्या सुमाराला हीच स्थिती असते.

पंचगंगेकाठी
छोट्या वस्तूंकडे येऊ या, कारण खरी मजा तिथेच आहे. एनजीसी २३९२, ३२४२, ७००९, ७६६२: सगळे एक आर्कमिनिटाच्या आतबाहेर, पण पृष्ठतेज प्रचंड. (२३९२ चं जुनं टोपणनाव नासाने २०२० पासून वापरणं सोडलं, म्हणून शोधताना क्रमांकच टाका.) यांना ग्रहांसारखं हाताळायचं. २एक्स बार्लो (फोकल लेंथ दुप्पट करणारं भिंग) लावा. ५३३ ला ०.३९ आर्कसेकंद प्रति पिक्सेल होतात. वस्तू मधोमध असल्याने कोमा करेक्टर (कडेचे लांबट तारे सुधारणारं भिंग) काढून टाका. शार्पकॅप या सॉफ्टवेअरमध्ये मधला १००० × १००० चा तुकडा निवडा, गेन जास्त, एक्स्पोजर १ ते ३ सेकंद, आणि दोन-तीन हजार फ्रेम. १६ बिटमध्ये एक फ्रेम २ एमबी, म्हणजे २००० फ्रेमना ४ जीबी. हे डिस्कला झेपतं. अख्खा सेन्सर घेतलात तर एका फ्रेमला १८ एमबी लागतात आणि लॅपटॉप रडतो.

नंतर उत्तम ३० ते ४० टक्के फ्रेम ठेवा. निवड ताऱ्याच्या रुंदीवर करा. तेजोमेघाच्या ठळकपणावर निवडलं तर पातळ ढगातल्या फ्रेम गळतात पण थरथरलेल्या राहतात. एक्स्पोजर एक सेकंदाच्या खाली नेऊ नका, रीड नॉइज वरचढ होतो. आणि पाच सेकंदांच्या वर गेलात तर हवेचं थरथरणं आपोआप मिसळून जातं, मग निवडायला काही उरत नाही.

गच्चीवरचा_गडी
हवेच्या थरथरण्यातलं निम्मं तुमच्या पायाखालूनच येतं राव. दिवसभर तापलेला स्लॅब, वर कोबा किंवा चायना मोझॅक, मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. एप्रिलमध्ये तर पहाटेपर्यंत. परसात मोकळी माती असेल तर दुर्बीण खाली आणा. गच्चीशिवाय पर्याय नसेल तर संध्याकाळी पाच-सहा बादल्या पाणी मारा, ते वाळू द्या, मग लावा. ओल्या स्लॅबवर लगेच लावलं तर दमट हवा आरशावर बसते.

ट्रायपॉड स्लॅबच्या मध्यभागी ठेवू नका. खाली बीम किंवा कॉलम कुठे आहे ते बघा आणि त्यावर पाय टेका. मधल्या भागात कुणी जिना चढलं तरी गाइडिंगच्या आलेखात दिसतं. एक्स्पोजर चालू असताना चप्पल घालून येरझाऱ्या घालायच्या नाहीत. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला लावलं तर वारा अडतो, ८ इंची नळकांडं म्हणजे शीडच असतं नाहीतर.

आणि न्यूटोनियनची मागची बाजू झाका. मुख्य आरशाभोवतीच्या फटीतून रस्त्याचा एलईडी आत शिरतो आणि फोटोत विचित्र अर्धगोल येतो. काळं कापड किंवा न्हाणीतली प्लॅस्टिक टोपी चालते, फक्त आरसा हवेच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे तासभर, उघडा ठेवा.

आठवी_गल्ली
नोव्हेंबरमध्ये रात्री अकरानंतर तारे फुगायला लागतात. फोकस बदलतो की दव?

उद्यमनगरकर
दोन्ही शक्य आहे, ओळखायची युक्ती अशी. फोकस गेला तर तारा फुगतो, पण पार्श्वभूमी तेवढीच राहते. दव बसलं तर ताऱ्यांभोवती धुकं येतं आणि मंद तारे गायब होतात. न्यूटोनियनमध्ये आधी दुय्यम आरशावर दव बसतं, कारण तो नळीच्या तोंडाशी असतो आणि त्याची पाठ उघड्या आकाशाकडं असते.

हीटर घरी होतो. ४७० ओहमचे अर्ध्या वॅटचे सहा रेझिस्टर समांतर जोडा, १२ व्होल्टवर मिळून १.८ वॅट देतात, करंट ०.१५ अँपिअर. दुय्यम आरशाच्या मागच्या बाजूला गोलाकार चिकटवा, वायर स्पायडरच्या पात्याला चिकटवून बाहेर काढा म्हणजे चित्रात जादा किरण येत नाहीत. संध्याकाळीच चालू करा. दव बसल्यावर वाळवायला ही ताकद पुरत नाही. नळीच्या पुढं फोमच्या चटईची दोन-अडीचशे मिमी नळकांडी जोडलीत तर आणखी बरं.

फोकसचं गणित: एफ/५ ला सुरक्षित पट्टा साधारण ६० मायक्रॉन. नळी लोखंडी पत्र्याची असेल तर मीटरभर लांबी पाच अंश उतरल्यावर तेवढीच आकसते. म्हणून नोव्हेंबरात दर तासाला बाहतिनोव्ह मास्क (फोकस तपासायची जाळी) लावून बघा.

वीजही जपा. कूलर, माउंट, हीटर, छोटा पीसी मिळून पाच अँपिअर धरा, पाच तासांना २५ अँपिअर-अवर. स्कूटरची बॅटरी यात बसत नाही. ३० च्या वरची लिथियम फॉस्फेट घ्या. लेड-ॲसिडचा व्होल्टेज साडेअकराच्या खाली गेला की माउंट वेडंवाकडं फिरतं आणि लोक गाइडिंगला शिव्या देत बसतात.

केटल_लेन्सवाली
प्रोसेसिंग कशात करता? सिरिल वापरते, पण एम २७ नेहमी निळाजांभळा येतो. फोटोंत तर हिरवट-निळा असतो.

पंचगंगेकाठी
ताई, तुम्ही ‘हिरवा नॉइज काढा’ ही पायरी चालवत असणार. बाकी सगळीकडे ती चांगली, इथे घातक. ऑक्सिजनचा प्रकाश हिरव्या आणि निळ्या दोन्हीत सारखा पडतो, तुम्ही हिरवा काढला की निळा उरतो. ती पायरी वगळा, किंवा तेजोमेघावर मास्क लावून फक्त पार्श्वभूमीवर चालवा.

क्रम असा ठेवा. डार्क, फ्लॅट (सारख्या उजेडावर घेतलेली फ्रेम), बायस लावून स्टॅक, म्हणजे सगळ्या फ्रेमची बेरीज. मग ग्राक्सपर्टने ग्रेडियंट (पार्श्वभूमीतला कमी-जास्त उजेड) काढा, पण एम ५७ सारख्या छोट्या वस्तूलाच. हेलिक्स फ्रेम व्यापून बसतो, तिथे ग्रेडियंट काढणारं सॉफ्टवेअर बाहेरचं कडंच ग्रेडियंट समजून पुसतं. नमुन्याचे ठिपके हाताने कोपऱ्यांत टाका. त्यानंतर ताऱ्यांवरून रंग-कॅलिब्रेशन, मग स्टारनेटने तारे वेगळे. इथे सावध. एम ५७ चा मध्यवर्ती तारा स्टारनेट कधी तारा समजतो, कधी तेजोमेघाचा भाग. शेवटी मूळ चित्राशी ताडून बघा.

स्ट्रेच करताना (मंद भाग उजळवताना) ऑटो-स्ट्रेच लावू नका, कड्याचा आतला भाग पांढरा होतो आणि तपशील संपतो. जनरलाइज्ड हायपरबोलिक स्ट्रेच छोट्या-छोट्या चार-पाच पायऱ्यांत द्या. फिल्टरचे फ्रेम असतील तर सिरिलची हायड्रोजन-ऑक्सिजन वेगळं करणारी स्क्रिप्ट वापरा. हायड्रोजनचं चित्र अर्ध्या आकाराचं निघतं, कारण चारांतला एकच पिक्सेल लाल आहे. दोन्ही एका मापाला आणायचा पर्याय तिथेच आहे. आणि दोन्ही चित्रांना वेगवेगळा ऑटो-स्ट्रेच देऊन जोडू नका. एम ५७ मध्ये ऑक्सिजन कितीतरी जोरदार आहे, वेगळा स्ट्रेच दिला की लाल आणि निळा बळेबळे सारखे होतात आणि वस्तूचं चरित्रच बदलतं.

आठवी_गल्ली
फ्लॅटबद्दल शंका. एलईडी ट्रेसिंग पॅडने घेतलेल्या फ्लॅटमध्ये आडवे पट्टे येतात.

ओथ्री_प्रेमी
पॅडचा उजेड प्रत्यक्षात लुकलुकत असतो. एक्स्पोजर मिलिसेकंदांत असलं की पट्टे पकडले जातात. पॅडवर साध्या पांढऱ्या कागदाचे पाच-सहा थर टाका आणि एक्स्पोजर एक-दोन सेकंदांवर न्या. फिल्टर लावून काढलेल्या फोटोंना फिल्टर लावूनच फ्लॅट, फोकस न हलवता, कॅमेरा न फिरवता.

फिल्टर घातल्यावर कोमा करेक्टरपासूनचं अंतरही बघा. ५५ मिमी हवं असतं. कॅमेऱ्याचे १७.५ धरले की ३७.५ च्या रिंगा लागतात. मध्ये २ मिमी काचेचा फिल्टर आला की त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे ०.७ मिमी, जादा घाला. पातळ शिम रिंग मिळतात. हेलिक्सच्या चौकटीत कोपऱ्यातले तारे लांबट दिसतात त्याचं कारण बहुधा हेच.

खिशातली_दुर्बीण
दक्षिणेकडचं काही? जेम्स वेबचा २०२२ मधला तो एनजीसी ३१३२ आपल्याकडून मिळतो का?

कोनमापक
मिळतो. क्रांती −४०.४°, आपल्याकडे उंची ३३°. लंडनहून तो क्षितिजावर येतच नाही, त्यामुळे इंग्रजी यादीत सापडत नाही. फेब्रुवारीअखेर ते मार्च, रात्री अकरा-साडेअकराच्या आसपास याम्योत्तरावर. मात्र ३३° ला वातावरण प्रिझमसारखं वागतं, ताऱ्याची एक कड निळी, दुसरी लाल होते. लाल, हिरवा, निळा चॅनल वेगळे करून एकमेकांवर नव्याने जुळवले की बरंचसं सुटतं. ड्युअल-बँडमध्ये तर दोनच रेषा असतात, त्यामुळे ही दुरुस्ती आणखी सोपी.

शहरातून बघणाऱ्यांना गोकुळ शिरगावचा उजेड आडवा येईल. राधानगरी रस्त्याला शहराच्या दक्षिण-पश्चिमेला गेलात तर तो उजेड पूर्वेकडे सरकतो आणि दक्षिण मोकळी होते. याम्योत्तराच्या दोन्ही बाजूंना तास-सव्वा तास धरा, त्याआधी आणि नंतर तो ३०° च्या खाली असतो.

उद्यमनगरकर
तिकडं जाणार असाल तर काउंटरवेट आणि ट्रायपॉडची प्लेट आठवणीनं गाडीत टाका, अन् निघायच्या आधी पॉवर केबलचे प्लग ओढून बघा. १२ व्होल्टचा साधा सिगारेट-लायटर प्लग थंडीत सैल होतो. त्याजागी एक्सटी-६० जोडणी बसवून घ्या.

आठवी_गल्ली
ट्रॅव्हलसाठी ८ इंची नळी नेण्यापेक्षा ८० मिमी एफ/६ रिफ्रॅक्टर पुरेल का ३१३२ ला?

ओथ्री_प्रेमी
४८० मिमीला ५३३ वर १.६ आर्कसेकंद प्रति पिक्सेल. ३१३२ साधारण एक आर्कमिनिटाचा, म्हणजे पस्तीस-चाळीस पिक्सेल. नाही पुरणार. ८० मिमी हेलिक्ससाठी ठेवा, ३१३२ ला ८ इंचीच न्या.